पागडीवर दिलेला स्पायडरमॅन

माझा भाचा नववीत आहे. परवा टीव्हीवर 'व्हेनम' बघता बघता त्याने विचारलं, "मामा, व्हेनम हा स्पायडरमॅनचाच व्हिलन ना? मग अख्ख्या सिनेमात स्पायडरमॅन एकदाही कसा येत नाही? आणि तिकडे अ‍ॅव्हेंजर्समध्ये मात्र तो आयर्नमॅनच्या मागे मागे फिरतो." मी "अरे, ती कंपनी वेगळी" म्हणून सुटायला बघितलं. पण हल्लीची पोरं तेवढ्यावर गप्प बसत नाहीत. "वेगळी म्हणजे? स्पायडरमॅन तर एकच आहे ना?"

स्पायडरमॅन एकच आहे, पण त्याचे हक्क एका मुठीत नाहीत. हे समजायला वकील असायची गरज नाही. मुंबईत पागडीच्या खोलीत राहणारा एखादा नातेवाईक असला की पुरे.

आमची एक आत्या गिरगावात अशा खोलीत राहायची. तिच्या सासऱ्यांनी फार पूर्वी मालकाला एकरकमी पैसे मोजले होते आणि त्यानंतर महिन्याचं भाडं नावापुरतं होतं. कागदोपत्री चाळ मालकाची. पण त्याला आत्याच्या खोलीत यायचं तर कडी वाजवावी लागायची, आणि आत येऊनही चहा पिण्यापलीकडे त्याला काही करता येत नसे. गिरगावातल्या जागेचे भाव आभाळाला टेकले तेव्हा त्याच्या पोटात किती दुखलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. आत्याला भीती होती ती एकाच गोष्टीची: खोलीला फार दिवस कुलूप राहता कामा नये. भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक ताबा मागायला कोर्टात जाऊ शकतो. त्यामुळे मुलाकडे पुण्याला राहायला गेली तरी ती मधूनच दोन दिवस यायची, दिवा लावायची, आणि आपण आल्याचं चार शेजाऱ्यांच्या नजरेस पडेल अशी गॅलरीत उभी राहायची.

आता चाळीच्या जागी स्पायडरमॅन ठेवा. मालक आहे मार्व्हल. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरला मार्व्हलच विकत घ्यायचं ठरवलं, त्यामुळे आज मालकाच्या घरचा कर्ता डिस्ने. आणि सिनेमा नावाच्या सगळ्यात ऐसपैस, रस्त्याकडच्या खोलीत बसलेला भाडेकरू म्हणजे सोनी.

खात्री करायची तर 'स्पायडरमॅन: होमकमिंग' लावा आणि सुरुवातीला पॉपकॉर्नच्या पुड्यात डोकं न घालता पडद्याकडे बघा. हातात मशाल धरून उभी असलेली बाई दिसेल. ती कोलंबिया पिक्चर्सची, म्हणजे सोनीची. मार्व्हल स्टुडिओजची लाल पाटी तिच्यानंतर येते. मग 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर' लावा. तोच टॉम हॉलंड, तोच लाल-निळा पोशाख, पण मशालवाली बाई गायब. पहिला सिनेमा सोनीचा आणि दुसरा डिस्नेचा. 'होमकमिंग'मध्ये घरमालक पाहुणा म्हणून आलाय, तर 'सिव्हिल वॉर'मध्ये भाडेकरू मालकाच्या माडीवर जेवायला गेलाय.

एक खोली, चौघांना विकलेली

ही वेळ आली कशी? स्पायडरमॅन पहिल्यांदा छापून आला तो ऑगस्ट १९६२ च्या अंकात. लिहिणारे स्टॅन ली, चित्रं काढणारे स्टीव्ह डिटको. मार्व्हलचा धंदा कॉमिक्स विकण्याचा. सिनेमा काढायला लागणारा पैसाही तिच्याकडे नव्हता आणि माणसंही नव्हती. १९८५ मध्ये 'कॅनन' नावाच्या, स्वस्तातले मारधाडपट काढणाऱ्या कंपनीने सव्वादोन लाख डॉलरमध्ये पाच वर्षांसाठी सिनेमाचे हक्क घेतले. कॅननचे मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस यांना नेमकं काय घेतलंय याचाच पत्ता नव्हता. माणसाचा कोळी होतो म्हणजे हा भयपट, अशी त्यांची समजूत. पहिल्या कथेत पीटर पार्करचा चक्क आठ हातांचा केसाळ राक्षस होत होता. तो सिनेमा निघाला नाही, हे आपलं नशीब.

पुढे कॅनन बुडाली. गोलान बाहेर पडले ते स्पायडरमॅन काखोटीला मारूनच, आणि नव्या कंपनीसाठी पैसा उभा करायला त्यांनी त्याचे तुकडे विकायला काढले. टीव्हीचे हक्क व्हायकॉमला, व्हिडिओ कॅसेटचे कोलंबियाला आणि थिएटरचे कॅरोल्को नावाच्या कंपनीला, ५० लाख डॉलरला. कॅरोल्कोसाठी जेम्स कॅमेरॉन यांनी कथेचा मोठा आराखडाही लिहिला. पण निर्माता म्हणून आपलं नाव गाळलं जातंय हे कळल्यावर गोलान कोर्टात गेले. कॅरोल्कोने व्हायकॉम आणि कोलंबियावर दावा लावला, त्यांनी कॅरोल्कोवर उलट दावा ठोकला. भाऊबंदकीत वाडा पडून राहतो आणि वकिलांचे बंगले उठतात, तसला प्रकार. १९९६ संपेपर्यंत कॅरोल्को, गोलानची कंपनी आणि खुद्द मार्व्हल, तिघांचंही दिवाळं निघालं होतं.

आता मेलेल्या कंपन्यांचे दावे एमजीएमच्या हाती आले. एमजीएम म्हणजे जेम्स बाँडवाली कंपनी. १९९८ मध्ये कोर्टाने निकाल दिला की जुने करार संपले, हक्क परत मार्व्हलकडे. मार्व्हलने लगेच सोनीशी बोलणी केली, पण एमजीएम हटेना. त्याच सुमाराला सोनीने एक जुना दावा उकरून काढून स्वतःचे वेगळे बाँडपट काढायचा घाट घातला होता. म्हणजे एमजीएमचा पाय सोनीच्या अंगणात आणि सोनीचा पाय एमजीएमच्या. मार्च १९९९ मध्ये दोघांनी आपापला पाय मागे घेतला. सोनीने बाँड सोडला, एमजीएमने स्पायडरमॅन सोडला. सिनेधंद्यातली इतकी सरळ अदलाबदल मला दुसरी माहीत नाही.

सोनीने मार्व्हलला काय दिलं? रोख रक्कम एक कोटी डॉलरच्या आत-बाहेर, शिवाय सिनेमाच्या मिळकतीतले पाच टक्के आणि खेळणी वगैरेंच्या उत्पन्नात निम्मा वाटा, असा हिशेब पुढे बाहेर आला. त्याहून सुरस गोष्ट म्हणजे मार्व्हल तेव्हा आपली उरलीसुरली जवळजवळ सगळी पात्रं मिळून अडीच कोटी डॉलरला द्यायला तयार होती, असं सांगतात. सोनीने म्हटलं, बाकीच्यांना कोण विचारतंय, आम्हाला फक्त स्पायडरमॅन द्या. त्या बाकीच्यांत पुढे कोण कोण निघालं, ते तुम्ही अ‍ॅव्हेंजर्समध्ये पाहिलंच आहे. पण सोनीला हसायचं कारण नाही. तेव्हा आयर्नमॅनला कॉमिक्सवेड्यांखेरीज कुणी ओळखत नव्हतं. आणि मार्व्हललाही नाव ठेवू नये. घरात पीठ नसलं की माणूस आधी दागिने मोडतो. एक्स-मेन आधीच फॉक्सकडे गेले होते, हल्क युनिव्हर्सलकडे.

२००२ मध्ये सॅम रेमी दिग्दर्शित पहिला 'स्पायडरमॅन' आला. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ११ कोटी डॉलरच्या वर गल्ला. एका वीकेंडला १० कोटी ओलांडणारा तो पहिलाच सिनेमा. जगभरातून ८२ कोटी. घरमालकाच्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती इथे.

खोलीला कुलूप नको

सोनीकडे हक्क कायमचे आहेत असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. हक्क आहेत, पण सोनी सिनेमे काढत राहील तोवरच. २०११ चा सुधारित करार पुढे फुटून सगळ्यांसमोर आला. त्यात अट अशी की आधीचा सिनेमा लागल्यापासून ३ वर्षं ९ महिन्यांत पुढच्याचं काम सुरू झालं पाहिजे आणि ५ वर्षं ९ महिन्यांत तो लागला पाहिजे. नाहीतर खोली मालकाच्या ताब्यात.

हा हिशेब आधीच्या सिनेमांना लावून बघा, गंमत वाटेल. 'स्पायडरमॅन ३' मे २००७ मध्ये लागला. रेमी चौथ्याची तयारी करत होते, पण ठरल्या तारखेला चांगला सिनेमा देता येणार नाही म्हणून जानेवारी २०१० मध्ये ते बाजूला झाले. सोनीने उसासा टाकून दोन वर्षं थांबायला हवं होतं की नाही? थांबली नाही. नवा दिग्दर्शक मार्क वेब, नवा नायक अँड्र्यू गारफील्ड, आणि डिसेंबर २०१० मध्ये कॅमेरा सुरू. तीन वर्षं नऊ महिन्यांची मुदत धरली तर ती फेब्रुवारी २०११ ला भरत होती. सिनेमा लागला जुलै २०१२ मध्ये, तीही मुदत हातात सात महिने राखून. "परवाच तर बघितला होता, पुन्हा पहिल्यापासून कशाला, पुन्हा तो काका कशाला मारताय?" असं तेव्हा सगळे कुरकुरत होते. काका मेला, कारण खोलीत दिवा लावायचा होता. (त्या सिनेमात आपले इरफान खान होते, हे त्यातल्या त्यात समाधान.)

मात्र इथून पागडीचं उदाहरण ताणू नका, कारण २०११ मध्ये उफराटंच घडलं: घरमालक भाडेकरूला पैसे देऊ लागला. डिस्नेला खेळण्यांचा धंदा अख्खा हवा होता. दप्तरं, टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या, वाढदिवसाच्या केकवरचा स्पायडरमॅन, सगळं. सोनीला रोख हवं होतं. तेव्हा सोनीने खेळण्यांतला निम्मा वाटा सोडला. बदल्यात मार्व्हलने एकदाच साडेसतरा कोटी डॉलर द्यायचे, पुढच्या प्रत्येक सिनेमाला साडेतीन कोटींपर्यंत द्यायचे, आणि सिनेमातले आपले पाच टक्केही सोडायचे.

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढची सगळी भांडणं आपोआप उलगडतात. सोनीचा पैसा तिकिटात, डिस्नेचा पैसा दप्तरात. सिनेमा वाईट निघाला तर सोनीचा गल्ला घटतो, पण दप्तरावरचा स्पायडरमॅनही जुनाट दिसायला लागतो, आणि तो सुधारायला डिस्नेला हात लावता येत नाही. सिनेमाच्या सेटवर तिची सत्ता नाही.

२०१४ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन २' सोनीच्या अपेक्षेइतका चालला नाही. त्याच सुमाराला मार्व्हल स्टुडिओजचे प्रमुख केविन फायगी सोनीच्या सिनेविभागाच्या प्रमुख अ‍ॅमी पास्कल यांच्याकडे जेवायला गेले आणि जेवता जेवता म्हणाले, हा सिनेमा आम्हीच बनवून दिला तर? पास्कलबाईंनी पुढे सांगितलं की आपण तेव्हा एकतर रडलो आणि त्यांना बाहेर काढलं, किंवा सँडविच फेकून मारलं, नक्की काय ते आठवत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सोनीचे संगणक फोडले गेले, ईमेल जगभर पसरले, आणि ही आतली बोलणी चव्हाट्यावर आली. ५ फेब्रुवारी २०१५ ला पास्कल पायउतार होणार असल्याचं जाहीर झालं आणि ९ फेब्रुवारीला करार जाहीर झाला.

करार असा: सिनेमाचा खर्च सोनीचा, वितरण सोनीचं, मालकी आणि शेवटचा शब्द सोनीचा. बनवायला मात्र फायगी आणि मार्व्हलची माणसं. मोबदल्यात मार्व्हलला आपल्या सिनेमांत स्पायडरमॅन आणता येईल आणि सोनीच्या सिनेमात आयर्नमॅन येईल. जिचा सिनेमा तिचा गल्ला. स्वयंपाकघर भाडेकरूचं, किराणा भाडेकरूचा आणि आचारी घरमालकाचा. भाजी चांगली झाली, म्हणून २०१७ च्या 'होमकमिंग'ने ८८ कोटी डॉलर केले आणि २०१९ च्या 'फार फ्रॉम होम'ने ११३ कोटी.

भाजी चांगली झाली की आचारी पगारवाढ मागतो. २०११ मध्ये पाच टक्के सोडले असले, तरी या नव्या व्यवस्थेत डिस्नेला तिकिटातून पुन्हा पाचेक टक्के मिळतात, अशा तेव्हाच्या बातम्या होत्या. तिने प्रस्ताव ठेवला की यापुढे खर्च निम्मानिम्मा आणि नफाही निम्मानिम्मा. सोनी नाही म्हणाली. ऑगस्ट २०१९ मध्ये फाटलं, आणि इंटरनेटवर घरचं कुणी गेल्यासारखा शोक झाला. टॉम हॉलंडने डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांचा ईमेल पत्ता मिळवून त्यांना लिहिलं. त्यांचा फोन आला तेव्हा हा घरच्यांबरोबर पबमध्ये बसलेला, दोन-तीन ग्लास पोटात, आणि फोनवर रडला. हे त्यानेच टीव्हीवर सांगितलंय. २७ सप्टेंबरला नवा समझोता झाला. डिस्ने पाव खर्च उचलणार, पाव नफा घेणार, दप्तरं पूर्वीसारखी डिस्नेचीच. माझ्या मते यात सोनीने बाजी मारली. तीन चतुर्थांश हातचे राहिले, आणि आचारीही.

त्यातून निघालेला 'नो वे होम' भारतात १६ डिसेंबर २०२१ ला लागला, अमेरिकेच्या एक दिवस आधी. तीन काळांतले तीन स्पायडरमॅन एका पडद्यावर. लोक शिट्ट्या मारत होते, मीही मारली. पण मनात आलं, हे तिघं म्हणजे सोनीच्या भाड्याच्या तीन पावत्याच की. कमाई १९० कोटी डॉलरच्या पुढे.

मग व्हेनमचं काय?

भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. स्पायडरमॅनबरोबर त्याच्या गोष्टीतली इतर पात्रंही सोनीकडे आली. सोनीच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ९००. त्यातल्या व्हेनमला २०१८ मध्ये एकट्यालाच उभं केलं आणि त्याने ८५ कोटी डॉलर आणले. सोनीला वाटलं, अरे, स्पायडरमॅनशिवायही चालतंय! मग 'मॉर्बियस', 'मॅडम वेब', 'क्रेव्हन'. तिन्ही आपटले. लग्नाला नवरदेव सोडून सगळं वऱ्हाड आलं, तर जेवण कितीही चांगलं असलं तरी लोक दाराकडेच बघत बसणार.

यात हॉलंडला का आणत नाहीत? सोनीला कागदावर अडचण नसावी. पण हॉलंडचा स्पायडरमॅन मार्व्हलच्या गोष्टीत विणलेला आहे. त्याला उचलून दुसरीकडे ठेवला तर ती वीण उसवते, आणि ज्या आचाऱ्यामुळे घर चालतंय तोच नाराज होतो. हा माझा तर्क. पुरावा म्हणून 'नो वे होम'च्या शेवटच्या पाट्यांमधला तुकडा बघा. व्हेनम मार्व्हलच्या जगात येतो, एका बारमध्ये दारू पितो, आणि कुणाला भेटायच्या आत परत आपल्या जगात ओढला जातो. मागे उरतो फक्त काळ्या चिकट पदार्थाचा एक थेंब. दोन कंपन्यांच्या वकिलांनी मिळून लिहिला असता तर तो प्रसंग याहून वेगळा झाला नसता.

आणि खोल्या दोनच नाहीत. फुटलेल्या करारानुसार ४४ मिनिटांहून छोटी टीव्हीवरची कार्टून मार्व्हलला काढता येतात; त्याहून लांबीची टीव्हीची कामं सोनीच्या वाट्याची. मनोरंजन उद्यानांची तर आणखी तऱ्हा. १९९४ मध्ये मार्व्हलने युनिव्हर्सलशी करार केला, त्यामुळे मिसिसिपी नदीच्या पूर्वेला काही पात्रं युनिव्हर्सलची. फ्लोरिडातल्या ऑरलँडोमध्ये १९९९ पासून स्पायडरमॅनची राइड आहे ती युनिव्हर्सलच्या उद्यानात. त्याच गावाजवळ डिस्नेचं अवाढव्य उद्यान आहे, आणि तिथे मालकालाच आपला स्पायडरमॅन उभा करता येत नाही. कॅलिफोर्नियात, म्हणजे नदीच्या पश्चिमेला, डिस्नेने २०२१ मध्ये हौस भागवली. सुपरहिरोची हद्द नदीवरून ठरते, हे ऐकून आमच्या गावच्या तलाठ्याला आनंद होईल.

आपल्या दारचा एक कोळी यात आहे. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी मार्व्हलच्या परवान्याने भारतीय स्पायडरमॅन काढला: पवित्र प्रभाकर, मुंबईत राहणारा, धोतरासारखा पोशाख घालणारा. कॉमिक्सपुरता तो मार्व्हलच्या घरचा. पण २०२३ मध्ये मोठ्या पडद्यावर आला तो सोनीच्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या अ‍ॅनिमेशनपटातून. तिथे त्याच्या शहराचं नाव मुंबॅटन, मुंबई अधिक मॅनहॅटन. भारतात हा सिनेमा १० भाषांत लागला आणि त्यांत मराठीही होती.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाच्याने मोबाईल काढला. 'नो वे होम'ची अमेरिकेतली तारीख बघितली, १७ डिसेंबर २०२१. त्यात बोटं मोजत पाच वर्षं नऊ महिने मिळवले. सप्टेंबर २०२७. पुढच्या 'ब्रँड न्यू डे'ची जाहीर झालेली तारीख ३१ जुलै २०२६.

"म्हणजे तेरा महिने आधीच दिवा लावतायत," तो म्हणाला. "तुझ्या आत्यापेक्षा हुशार आहेत."